तबकडी फिरते तोवर

(पडद्यावर टास्क मॅनेजर, अगदी जवळून)

लॅपटॉप चालू होऊन बराच वेळ झालाय. डेस्कटॉप दिसतोय, पण माऊसशेजारचं ते गोल चक्र काही थांबत नाही. अशा वेळी टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा विंडोजमधला फलक, उघडला, आणि तोही रखडतच उघडतो म्हणा, तर हे असं चित्र दिसतं. प्रोसेसर १२ टक्के. रॅम निम्मी मोकळी. आणि डिस्क १०० टक्के.

आता त्याच डिस्कचा वेग बघा. सेकंदाला जेमतेम दीड एमबी. हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचायला घेते तेव्हा सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज जाते. मग पूर्ण ताकदीने राबूनही आत्ता हातात एवढंसंच का पडतंय?

(उघडलेली हार्ड डिस्क, तबकडीवर मागेपुढे सरकणारं हेड)

उत्तर इथे आहे. लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचायची तर आधी हेड योग्य पट्ट्यावर जाऊन थांबायला हवं, त्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात. मग ती माहिती फिरत फिरत हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. प्रत्यक्ष वाचन त्यानंतर, आणि ते क्षणात उरकतं. बाकी सगळी नुसती वाट पाहणं.

लॅपटॉप सुरू होताना नेमकी हीच वाट वाढत जाते. ड्रायव्हर, सेटिंग, फाँट, अँटिव्हायरस, आपोआप सुरू होणारी अर्धा डझन ॲप्स: सगळ्यांना छोटे छोटे तुकडे हवे असतात आणि ते तबकडीवर विखुरलेले असतात. समजा असे १०,००० तुकडे एकेक करून वाचायचे आहेत. प्रत्येकी १७ मिलिसेकंद धरले तरी पावणेतीन मिनिटांवर हिशोब जातो. विंडोज यावर डोकं चालवते. कोणत्या फाइली लागणार याची नोंद ठेवून त्या आधीच उचलायची युक्ती एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, तिच्यात आहे. पण हेड शेवटी हललंच पाहिजे. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. आकार कुठून कुठे आला, पण सरकणारं हेड आणि फिरणारी तबकडी ही मूळ रचना तशीच राहिली.

(एसएसडीचा सर्किट बोर्ड, काळ्या चिपा)

यावरचा उपाय म्हणजे हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात हलणारं काहीच नाही. माहिती राहते ती नँड फ्लॅश चिपांमध्ये, विद्युतभाराच्या रूपात. हे तंत्र तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांचं, १९८७ मध्ये जगापुढे आलेलं. एक तुकडा शोधून वाचायला साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. मघाचे १०,००० तुकडे या हिशोबाने एका सेकंदात.

म्हणूनच खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. साटा, म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच जुन्या जोडणीची एसएसडी, सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कित्येक पट. मोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याला हा फरक जाणवतो. लॅपटॉप चालू होण्यात मात्र खरी झेप असते ती हार्ड डिस्क सोडून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर येण्यात. त्यापुढचा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

(लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलेलं)

आधी आपल्या लॅपटॉपमध्ये जागा कोणती आहे ते पाहायचं. ही छोटी खाच म्हणजे एम.२ स्लॉट, पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा. पट्टीवर २२८० लिहिलेलं असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. पण माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखतात, काही फक्त साटा. पट्टी व्यवस्थित बसते, स्क्रू लागतो, आणि लॅपटॉपला मात्र ती दिसतच नाही. मॉडेलची माहितीपुस्तिका खरेदीच्या आधी वाचलेली बरी. एम.२ नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथे कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, जुनी डिस्क ठेवता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. तिथे विषय संपला.

बसवताना लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, बॅटरीचा कनेक्टर काढलेला. पट्टी तिरकी आत सरकवायची, मग दुसरं टोक खाली दाबून स्क्रू लावायचा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

आणि हे सगळं करूनही अनेकांचा लॅपटॉप पहिल्यासारखाच रखडतो! कारण एसएसडी बसली, पण विंडोज अजून जुन्या डिस्कवरच आहे. वेग हवा तर विंडोज एसएसडीवर गेली पाहिजे. क्लोनझिलासारख्या साधनाने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करा, नाहीतर नव्याने इन्स्टॉल करा. आमचा कौल नव्याने करण्याला, वर्षानुवर्षांचा कचरा मागेच राहतो. नव्याने इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या, फाइली कधी कधी तिच्यावरच जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, आधी लिहून घ्या. दोन्ही डिस्क आत असतील तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये, बूटच्या क्रमात एसएसडी वर आणा.

कंपनीचा लोगो दिसेपर्यंतचे सुरुवातीचे काही सेकंद मात्र फारसे कमी होणार नाहीत, तो वेळ बायोसचा.

(जुनी हार्ड डिस्क, यूएसबी केसमध्ये बसवताना)

जुनी डिस्क लगेच पुसू नका. काही आठवडे नव्यावर काम करा, काही राहून गेलं नाही ना ते बघा, मग ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बऱ्याचदा टकटक आवाज करून इशारा तरी देते. एसएसडी एखाद्या दिवशी मुकाट बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेल्या फाइली ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा आतून रिकामी करून घेणाऱ्या सोयीमुळे, सहसा परत मिळत नाहीत. शिवाय विजेविना फार काळ पडून राहिली तर तिच्या चिपांमधला भार हळूहळू गळतो. कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी तीच जुनी, फिरणारी डिस्क जास्त भरवशाची.