अनेक लिपींचा फॉन्ट : तक्ता आणि वागणे
(ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

अनेक लिपींचा एक फॉन्ट हा विषय परदेशातल्या संगणक कंपन्यांचा आहे, असा समज सहज होतो. पण त्याची गरज कळण्यासाठी ठाणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ठाणे स्थानकाच्या फलकावर देवनागरी आणि रोमन शेजारीशेजारी उभ्या आहेत. मुंब्रा-कौशात उर्दू पाट्या नस्तालीक वळणात लिहिलेल्या दिसतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर तेलुगू भाषक विणकरांच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे तिथे तेलुगू अक्षरे ओळखीची आहेत. घराघरांतल्या आणि सरकारी जुन्या दप्तरांत मोडी आहे. यांतल्या चार लिपींत एकच सूचनापत्रक छापायचे ठरले, तर एक लिपी ठळक, दुसरी किरटी, तिसरी ओळीबाहेर गेलेली असे होते, आणि वाचणाऱ्याला आपली लिपी पत्रकात कुठेतरी कोंबली आहे हे लगेच जाणवते. सर्व लिपी एका वजनाच्या आणि एका मापाच्या दिसाव्यात, तरी प्रत्येक लिपी तिच्या वाचकाला आपली वाटावी, हे अशा फॉन्टचे काम आहे. मी ज्या अक्षरसंचावर काम करते त्यात या लिपींबरोबरच कोणा एका व्यक्तीने ठरवून रचलेल्या लिपीही आहेत. त्यांच्याबद्दल आज थोडे अधिक बोलेन, कारण फॉन्टकर्त्याची खरी परीक्षा तिथे होते.

आधी आकारमान पाहू. जगातल्या लिपींना संगणकीय संकेत देणाऱ्या युनिकोड प्रमाणकाच्या २०२४ मध्ये आलेल्या १६.० आवृत्तीत १६८ लिपी आणि १,५४,९९८ चिन्हे आहेत. त्यांतली ९७ हजारांहून अधिक चिन्हे एकट्या चिनी कुळातली आहेत. उलट एका फॉन्ट-फाईलमध्ये ६५,५३५ पेक्षा अधिक आकृत्या मावत नाहीत. म्हणजे सगळे जग एका फाईलीत बसवणे तंत्रानेच अशक्य आहे. गूगलचा नोटो हा प्रकल्प म्हणूनच एक फाईल नसून अनेक फाईलींचे कुटुंब आहे. ग्नू युनिफॉन्टने वेगळा मार्ग घेतला : प्रत्येक चिन्ह ८ × १६ किंवा १६ × १६ ठिपक्यांच्या जाळीत बसवायचे आणि काहीतरी दिसेल एवढी हमी द्यायची. रचलेल्या लिपींसाठीही त्याची स्वतंत्र फाईल आहे. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, कारण रिकामा चौकोन दिसण्यापेक्षा ओबडधोबड अक्षर दिसणे केव्हाही बरे. पण अक्षर दिसणे आणि लिपी वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. दोन्हींत पाच-पाच संकेत आहेत आणि फरक फक्त दुसऱ्या संकेतात आहे : एकात साधा र, दुसऱ्यात ऱ. युनिकोडच्या तक्त्यात ऱ खाली टिंब असलेला दिसतो, कारण द्राविडी भाषांतला एक उच्चार दाखवण्यासाठी त्याची योजना झाली. आपण मात्र त्याला हलन्त जोडून मराठीतला आडवा, पापणीसारखा र मिळवतो. पहिल्या शब्दात र चा रफार होऊन तो 'या'च्या डोक्यावर जातो. दुसऱ्यात तो जागेवरच राहतो आणि य ला डावीकडून चिकटतो. जुन्या मजकुरात हाच आकार साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह अशा तिसऱ्याच क्रमाने लिहिलेला असतो, म्हणजे फॉन्टला दोन्ही वाटा माहीत हव्यात. आता असा फॉन्ट कल्पून पाहा, की ज्यात देवनागरीचा तक्ता पूर्ण भरलेला आहे, एकही चौकोन रिकामा नाही, पण हा नियम लिहिलेला नाही. तो 'शेतकऱ्यांना' या शब्दात टिंबवाला र, त्याखाली पाय मोडलेला आणि पुढे सुटा य असे दाखवेल. तपासणी करणारे यंत्र त्याला शंभर टक्के गुण देईल आणि मराठी वाचक तो पहिल्या ओळीत बाजूला ठेवील. ल आणि श यांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये राज्य शासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरण्यास सांगितले. हिंदी आणि मराठी मजकुरात या अक्षरांचा संकेत एकच असतो. भाषा मराठी आहे हे कळल्यावर फॉन्टने आकृती बदलली पाहिजे, आणि हा बदल तक्त्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की लिपी फॉन्टमध्ये घेणे म्हणजे तिच्या तक्त्यातले चौकोन भरणे नव्हे. तिची अक्षरे एकमेकांशी कशी वागतात हे फॉन्टमध्ये उतरले, तरच ती लिपी आली असे म्हणावे. छपाईच्या खिळ्यांच्या काळात हे काम धातूत होत असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे ठसे कोरले, त्यांत मात्रा कुठे बसेल आणि जोडाक्षर कुठे मोडेल हे आधीच ठरवून घ्यावे लागे, आणि उरलेले खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाताला माहीत असे. आज जुळारी नाही. त्याचे ज्ञान नियमांच्या रूपाने फॉन्टमध्येच लिहावे लागते. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली ही मोठी गोष्ट झाली, पण लेखणी शक्य तितकी न उचलता, आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे टांगत जाणारे ते वळण अजून फार थोड्या फॉन्टांत दिसते. बहुतेक ठिकाणी मोडीची सुटी अक्षरे देवनागरीसारखी ओळीने मांडलेली असतात.

वागण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न लेखणीचा आहे. रोमन अक्षरांतली जाड-बारीक रेघ रुंद टोकाच्या लेखणीतून आली. मोठा ए पाहा, त्याचा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने तासलेला, म्हणून आपल्याकडे जाडी विरुद्ध तिरप्या रेघांवर पडते आणि शिरोरेषाही भरदार येते. हिब्रूत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक असतात. बहुलिपी फॉन्ट करताना पहिला मोह होतो तो रोमनचे जाड-बारीक सगळ्यांना लावण्याचा. त्याने पान एकसारखे दिसते, पण देवनागरी वाचणाऱ्याला ती अक्षरे परक्या हाताची वाटतात. एकसारखेपणा रंगाच्या घनतेत असावा, रेघेच्या वळणात नसावा. चार लिपींचे चार परिच्छेद डोळे बारीक करून पाहिले, तर चारही सारखेच करडे दिसले पाहिजेत. याहून अधिक सारखेपणा मी मागत नाही.

रचलेल्या लिपींकडे वळताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. खऱ्या लिपी आणि बनवलेल्या लिपी अशी सरळ विभागणी करता येत नाही. कोरियाची हंगुल राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये रचली गेली. सिक्वोयाने १८२१ मध्ये अमेरिकेतल्या चेरोकी भाषेची अक्षरे सिद्ध केली. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथालीसाठी ओल चिकी रचली. मंगल सिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी केली. सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये पश्चिम आफ्रिकेसाठी न्को दिली. या सर्व कोणा एकाच्या पुढाकाराने आलेल्या लिपी आहेत आणि आज त्यांत लोक लिहितात. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या मृत्युपत्रातून इंग्रजीसाठी ४८ अक्षरांची शेव्हियन लिपी निर्माण झाली, तिचा प्रसार झाला नाही, तरी २००३ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. कादंबरीकार टोल्कीन यांनी आपल्या कल्पित भाषांसाठी रचलेल्या तेंग्वारला ती अजून मिळालेली नाही. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कल्पित क्लिंगॉन भाषेच्या लिपीचा प्रस्ताव १९९७ मध्ये मांडला गेला आणि २००१ मध्ये फेटाळला गेला, कारण ती भाषा लिहिणारे बहुतेक लोक रोमन अक्षरेच वापरत होते. म्हणजे लिपी कोणी आणि केव्हा रचली यापेक्षा तिच्यात लिहिणारे किती आहेत, याला वजन दिले जाते. प्रमाणकासाठी ही कसोटी मला योग्य वाटते. फॉन्टकर्त्याने मात्र तिच्यावर थांबू नये, कारण लिहिणारे वाढण्यासाठी आधी नीट लिहिता येईल असा फॉन्ट लागतो.

रचलेल्या लिपींनी माझ्या हातून कोणता निर्णय बदलून घेतला, ते एका उदाहरणाने सांगते. कॅनडातल्या क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स यांनी १८४० मध्ये जी अक्षरे प्रचारात आणली, त्यांत व्यंजन आकारातून कळते आणि स्वर त्या आकाराच्या दिशेतून. खालचा भाग उघडा ठेवलेल्या त्रिकोणासारखी, दोन रेघांची एक आकृती 'प' दाखवते. तिचे टोक वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे असेल त्यानुसार स्वर बदलतो. आता हिला रोमनचे जाड-बारीक लावून पाहा. टोक वर असताना डावी रेघ बारीक आणि उजवी जाड येते. तीच आकृती पाव फेरा फिरवली, की लेखणीचा कोन तसाच राहिल्यामुळे जाडीची जागा बदलते, आणि जे एकाच अक्षराचे चार चेहरे असायला हवेत ते चार निराळी अक्षरे दिसू लागतात. आकृती तयार करून मग यांत्रिकपणे फिरवली, तर जाडी रेघेबरोबर फिरते आणि ओळीत एक अक्षर दुसऱ्या हाताने लिहिल्यासारखे दिसते. शेव्हियनमध्ये ही अडचण येत नाही. तिथे बहुतेक व्यंजनजोड्यांतली अक्षरे अर्धा फेरा फिरवलेली असतात, आणि अर्ध्या फेऱ्यात तिरप्या रेघेचा कल बदलत नाही. क्रीसाठी मात्र सर्व रेघा एका जाडीच्या ठेवण्याखेरीज गत्यंतर नाही. म्हणून मी कुटुंबात दोन शाखा केल्या : एक सरसकट समान जाडीची, जिच्यात सर्व लिपी आहेत, आणि दुसरी बोरूची किंवा लेखणीची आठवण ठेवणारी, जिच्यात ज्या लिपींना अशी परंपरा आहे त्याच आहेत. क्रीला दुसऱ्या शाखेत ओढून नेले असते, तर यादी लांबली असती आणि लिपीवर अन्याय झाला असता.

प्रमाणकाबाहेरच्या लिपींसाठी युनिकोडने खाजगी वापराचा एक प्रदेश मोकळा ठेवला आहे. मुख्य पातळीवर त्यात ६,४०० जागा आहेत. जॉन कावन आणि मायकेल एव्हर्सन यांनी रचलेल्या लिपींना त्यांत जागा वाटून देणारी एक नोंदवही केली आणि बरेच फॉन्टकर्ते ती पाळतात. पण हा केवळ आपसांतला करार आहे. दुसऱ्या कोणाच्या फॉन्टमध्ये त्याच जागी भलतेच चिन्ह असू शकते. ही अवस्था मराठीने भोगलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीच्या दुकानात टाईप केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसे, कारण मजकुराचा अर्थ फक्त त्या एका फॉन्टला ठाऊक असे. तेंग्वारमध्ये लिहिणारा आज तिथेच उभा आहे, आणि म्हणून त्याची अडचण आपण इतरांपेक्षा लवकर समजू शकतो.

याहून कठीण भाग वागण्याचा आहे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी संकेतांच्या क्रमात व्यंजनानंतर येते आणि दिसते व्यंजनाआधी. ही हलवाहलव संगणकातली अक्षरजुळणीची व्यवस्था करते, कारण देवनागरीचे नियम तिला माहीत आहेत. खाजगी प्रदेशातल्या चिन्हांबद्दल तिला काहीच माहीत नसते. ती त्यांना डावीकडून उजवीकडे जाणारी, एकमेकांशी संबंध नसलेली सुटी चिन्हे समजते. तेंग्वारमध्ये स्वरचिन्ह व्यंजनाच्या डोक्यावर बसते : टोल्कीन यांच्या क्वेन्या आणि सिंदारिन या भाषांपैकी क्वेन्या लिहिताना आधी उच्चारलेल्या व्यंजनावर आणि सिंदारिन लिहिताना नंतर येणाऱ्या. दोन्ही वेळी स्वर व्यंजनानंतरच टाईप करायचा असा नेम ठेवला, तर चिन्ह बसवण्याचे काम फॉन्टमधला एकच नियम करू शकतो. त्यासाठी प्रत्येक व्यंजनावर एक आणि प्रत्येक स्वरचिन्हाखाली एक खुणेचा बिंदू नेमून द्यावा लागतो, आणि रुंद व्यंजनावर तो बिंदू मधोमध असावा की दांडीवर, हे मूळ हस्तलेखनाचे नमुने पाहून ठरवावे लागते. उजवीकडून डावीकडे जाणारी रचलेली लिपी असेल, तर मात्र फॉन्टचे हात बांधलेले असतात. दिशा फॉन्टमधून बदलता येत नाही, लिहिणाऱ्याला मजकुरातच दिशेची चिन्हे घालावी लागतात, आणि हे त्याला फॉन्टबरोबर स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

ओळींमधल्या अंतराचा प्रश्न थोडक्यात सांगते. फाईलीत वरची आणि खालची मर्यादा सर्व लिपींसाठी एकच असते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, म्हणून त्याला उंची फार लागते. तो आणि देवनागरी एका फाईलीत ठेवले, तर मराठी ओळी विनाकारण दूर दूर पडतात. नस्तालीकला, आणि तिबेटीच्या उभ्या उतरंडींनाही, वेगळी फाईल देणे हाच उपाय मला पटतो. नाव एक, वजने एक, फाईली वेगळ्या.

राहिली तपासणीची गोष्ट. तक्ता पाहून मान डोलावणाऱ्या तज्ज्ञापेक्षा त्या लिपीत रोज वाचणाऱ्याला मजकुराचे पान द्यावे आणि तो कुठे अडखळतो ते पाहावे. ओल चिकीसाठी संथाली वाचक हवा, क्रीसाठी क्री वाचक. जिथे असा वाचकवर्ग नाही तिथे रचनाकाराने हाताने लिहिलेली पाने हाच आधार, आणि संकेतांची यादी साध्या मजकुराच्या फाईलीत फॉन्टसोबत दिलीच पाहिजे. शेव्हियनला आधी खाजगी नोंदवहीत जागा होती, प्रमाणकात स्थान मिळाल्यावर ती तिथून काढली गेली, आणि जुन्या जागी लिहिलेला मजकूर मागे राहिला. अशा लिपीसाठी मी जुना आणि नवा असे दोन्ही संकेत एकाच आकृतीशी जोडते, आणि उद्या तेंग्वारचे तसे झाले तर जुने लिखाण वाचता यावे यासाठी तिच्या आकृत्यांना आजच अशी नावे देते, की जागा बदलली तरी एकही नियम पुन्हा लिहावा लागू नये.