स्कॉलरशिपचा पेपर: गुण कुठे गळतात?

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय आहे शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे घरोघरी जिला ‘स्कॉलरशिप’ म्हणतात ती. तिचा अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि गाइडांनी दुकानंही भरलेली असतात, तेव्हा त्यावर आज फार बोलायचं नाही. उत्तर येत असूनही गुण जातात कुठे आणि गुण मिळाल्यावर पैसे अडकतात कुठे, तेवढं पाहू.

ही परीक्षा राज्यात १९५४-५५ पासून चालू आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. वर्षानुवर्षं ती चौथीला आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला नेली, कारण शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत धरली आहे. कागदावर ते बरोबर होतं. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात. तिथल्या गुरुजींनी जादा तास घेऊन मुलं तयार करावीत आणि परीक्षेआधीच ती दुसऱ्या शाळेत जावीत, असं व्हायला लागलं. बसणाऱ्या मुलांची संख्याही घटली. म्हणून २०२५ मध्ये परत चौथी-सातवीचा निर्णय झाला. २०२५-२६ हे अदलाबदलीचं वर्ष असल्यामुळे चारही इयत्तांसाठी परीक्षा ठेवली, आणि त्यापुढे फक्त चौथी-सातवी. यात आपली मुलगी कोणत्या वर्षी बसते, हे वर्गशिक्षकांकडून एकदा पक्कं करून घ्या.

अर्ज पालकाला परस्पर भरता येत नाही. शाळा आपल्या लॉगिनमधून भरते, प्रवेशपत्रही तिथूनच निघतं. अर्जातल्या दोन गोष्टी मात्र घरून बघायला हव्यात. एक म्हणजे माध्यम. मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, तेलुगू, कन्नड अशा सात माध्यमांत पेपर निघतात, आणि सेमी-इंग्रजीच्या, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला नुसतं ‘मराठी’ टाकलं गेलं तर गणिताच्या संज्ञा त्याला परक्या वाटतात. ‘लसावि’ वाचून तो अडतो, ‘एलसीएम’ म्हटलं की गाडी सुटते. दुसरी गोष्ट, शाळा ग्रामीण की शहरी. गुणवत्ता यादी त्यावर ठरते. दुरुस्तीची मुदत थोडे दिवस असते, ती टळली की मग अर्जविनंत्या करत बसावं लागतं.

आता पेपर. एकाच दिवशी दोन पेपर असतात, मधे सुट्टी. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०. दुसऱ्यात इंग्रजीचे, म्हणजे तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या भाषा अर्थातच वेगळ्या. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, पेपर दीडशेचा, वेळ दीड तास. काठिण्याची वाटणी ठरलेली असते: तीस टक्के सोपे, चाळीस टक्के मध्यम, तीस टक्के कठीण.

दीड तास म्हणजे ५४०० सेकंद. त्याला ७५ नी भागा, एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. त्यातून वर्तुळ रंगवायला चार-पाच सेकंद धरा, की पेपराची सहा मिनिटं नुसत्या रंगवण्यात गेली. भाषेतला उतारा वाचायला दोन मिनिटं लागतात, पण त्यावर तीनेक प्रश्न असतात, त्यामुळे तो परवडतो. वेळ खातं ते गणितातलं एखादं काळ-काम-वेग. मूल हट्टाने त्याच्यापाशी बसतं, चार मिनिटं घालवतं आणि शेवटचे पाच-सहा सोपे प्रश्न वाचायचेच राहतात. कठीण प्रश्नाला दोनच गुण आणि सोप्यालाही दोनच, हे दहा वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. ते सांगावं लागतं, आणि घड्याळ लावून चार-सहा वेळा करून घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त गळती मात्र उत्तरपत्रिकेवर होते. ही ओएमआर पत्रिका यंत्र वाचतं. यंत्राला मुलाचं अक्षर कळत नाही आणि त्याच्या मनात काय होतं तेही कळत नाही. कोणत्या जागेवर शाई आहे, एवढंच ते बघतं. प्रश्नपत्रिकेचे ए, बी, सी, डी असे चार संच असतात. प्रश्न तेच, क्रम वेगळा. शेजारच्या बाकावरचा तेविसावा प्रश्न आपल्याकडे एक्केचाळिसावा असू शकतो. म्हणून पुस्तिकेवरचा संच उत्तरपत्रिकेवर बरोबर नोंदवणं हे पहिलं काम. तिथे चूक झाली की सगळा पेपर दुसऱ्याच उत्तरसूचीने तपासला जातो.

दुसरी चूक फार साधी, आणि दरवर्षी होते. मुलीला तेविसावा प्रश्न अडला. ‘नंतर बघू’ म्हणून ती चोविसाव्यावर गेली, पण हात सवयीने तेविसाव्याच्या ओळीतच राहिला. चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्यासमोर, पंचविसाव्याचं चोविसाव्यासमोर. चाळिसाव्या प्रश्नाला लक्षात येतं, की उत्तरपत्रिकेवर अजून एकोणचाळिसाची ओळ चालू आहे. आता सतरा वर्तुळं चुकीच्या जागी भरलेली, पेन पक्क्या शाईचं, खोडता येत नाही. ब्लेड किंवा व्हाइटनर लावायचा नाही, त्याने कागद खराब होतो आणि यंत्र ते स्वीकारत नाही. यावर उपाय घरच्या सरावाचाच आहे. सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला पुस्तिकेत पेन्सिलीने मोठं गोल करायचं, आणि दर पाच प्रश्नांनी डावं बोट उत्तरपत्रिकेच्या ओळीवर आणि उजवं पुस्तिकेच्या प्रश्नावर ठेवून दोन्ही क्रमांक मनात म्हणायचे. पाच सेकंदांचं काम आहे. काही शिक्षक सगळी उत्तरं आधी पुस्तिकेत खुणावून शेवटी एकदम रंगवायला शिकवतात. ते धोक्याचं आहे. घंटा होते आणि वीस वर्तुळं रिकामी राहतात.

वर्तुळ पूर्ण भरायचं, काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने. बरोबरची खूण, ठिपका, फुली, यांपैकी काही चालत नाही.

वरच्या इयत्तेच्या पेपरात आणखी एक मेख आहे. आठवीच्या पेपरात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असायचे. उदाहरण घ्या. खालीलपैकी कोणत्या संख्यांना १२ ने निःशेष भाग जातो? पर्याय १३२, १५४, २१६, २३८. मुलाने १३२ पाहिलं, बारा अकरे एकशे बत्तीस, वर्तुळ भरलं, पुढे गेला. पण २१६ सुद्धा बाराने तुटते, बारा अठरे दोनशे सोळा. दोन्ही रंगवली तरच दोन गुण. एकच भरलं तर अर्धे गुण मिळत नाहीत, शून्य मिळतं. प्रश्नाशेवटी ‘दोन अचूक पर्याय निवडा’ असं लिहिलेलं असतं, पण घाईत नजर तिथपर्यंत जात नाही. उलटही घडतं: एकच उत्तर असलेल्या प्रश्नाला ‘असेल कदाचित’ म्हणून दोन वर्तुळं भरली, तरी शून्य.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामा प्रश्न ठेवण्यात काही अर्थ नाही. पण नुसत्या अंदाजावर विसंबूही नये. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर पंचाहत्तरांपैकी साधारण एकोणीस बरोबर येतील, म्हणजे ३८ गुण. पात्र होण्यासाठी प्रत्येक पेपरात चाळीस टक्के, म्हणजे ६० लागतात. आणि दोन उत्तरांच्या प्रश्नात तर जोड्या सहा होतात, तिथे अंदाज सहात एकदाच लागतो.

परीक्षेनंतर पुस्तिका घरी येते. ती रद्दीत टाकू नका. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते आणि ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप मागवते. आक्षेप घ्यायचा तर पाठ्यपुस्तकातलं पान दाखवा. ‘आमच्या क्लासमध्ये असं शिकवलं’ हा पुरावा होत नाही. त्यानंतर अंतिम उत्तरसूची येते, तिच्यावर मग हरकत चालत नाही. पुढे अंतरिम निकाल, गुणपडताळणीचे अर्ज, अंतिम निकाल आणि गुणवत्ता यादी, असा क्रम.

इथे घरोघरी एक गोंधळ होतो. निकालावर ‘पात्र’ लिहून आलं, की पेढे वाटले जातात. पेढे वाटा, हरकत नाही. पण पात्र म्हणजे चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली, इतकंच. शिष्यवृत्तीधारक वेगळे. राज्य, जिल्हा, तालुका अशा पातळ्यांवर शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते, आणि पात्र मुलांतून गुणानुक्रमे तेवढेच निवडले जातात. त्यामुळे एका जिल्ह्यात शिष्यवृत्ती मिळवून देणारे गुण दुसऱ्या जिल्ह्यात कमी पडू शकतात.

आता पैसे. २०२३-२४ पासून रक्कम वाढली, तेव्हा परीक्षा पाचवी-आठवीला होती. पाचवीच्या शिष्यवृत्तीला दरमहा ५०० रुपये, दहा महिन्यांचे म्हणजे वर्षाला ५०००, तीन वर्षं. आठवीच्या शिष्यवृत्तीला दरमहा ७५०, वर्षाला ७५००, दोन वर्षं. आधी ही रक्कम वर्षाला हजार-दीड हजाराच्या पुढे जात नव्हती.

ती थेट बँक खात्यात जमा होते आणि नेमकी तिथेच अडते. मुलगा परीक्षेला बसला एका शाळेत, शिकतोय दुसऱ्या शाळेत. खात्याची माहिती तो आता ज्या शाळेत आहे तिने भरायची असते, आणि त्या शाळेला तो शिष्यवृत्तीधारक आहे हेच ठाऊक नसतं. कधी खातं आईच्या नावावर असतं, कधी पासबुकावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही. बँकांची विलीनीकरणं झाल्यापासून तर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड भरला गेला आणि पैसे परत गेले, असंही होतं. तेव्हा निकालाची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची अलीकडची झेरॉक्स आणि चालू आयएफएससी कोड घेऊन नव्या शाळेच्या कार्यालयात जा, आणि नोंद झाली की पडद्यावर खाते क्रमांकाचा एकेक आकडा स्वतः वाचून बघा. नमस्कार.