न दुखणारं फ्रॅक्चर

नमस्कार श्रोतेहो. झाडावरून पडून, विहिरीत पडून किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात मणक्याला मार बसला आणि पाय लुळे, बधिर पडले, असं कुणीतरी आपल्या ओळखीत असतं. घरचे लघवीची नळी सांभाळतात, बेडसोअर होऊ नये म्हणून रात्री उठून कूस बदलतात. हाडांचा विचार मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

हाड जिवंत असतं. जुना भाग झिजतो, नवा भरतो. अंगाचा भार आणि स्नायूंची ओढ थांबली की झीज वाढते आणि भरणं मागे पडतं. पहिल्या एक-दोन वर्षांत हे सगळ्यात जोरात होतं, मग वय पंचवीस का असेना. गुडघ्याच्या वरचं-खालचं हाड तर एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त विरळ होऊ शकतं. पाठीचा कणा त्यामानाने टिकतो. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, नुसत्या कण्याची करून ‘सगळं ठीक’ म्हणण्यात अर्थ नाही. खुब्याची आणि जमल्यास गुडघ्याचीही करायला सांगा.

आता सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, अशा माणसाला रिक्षात बसवतानाचा प्रसंग बघा. दोघं काखेत हात घालून उचलतात, अंग आत वळतं, पण पाऊल बाहेर व्हीलचेअरच्या पायपट्टीतच अडकलेलं. गुडघ्याला पीळ बसतो. एवढ्यानेही हाड मोडतं, आणि माणूस हूं की चूं करत नाही, कारण त्याला कळतच नाही. तेव्हा आधी पाऊल सोडवा, मग माणूस उचला.

संध्याकाळी गुडघा सुजलेला, गरम, लाल दिसतो. कधी बारीक ताप येतो, पाय नेहमीपेक्षा जास्त ताठतो. घरात लगेच तेल गरम होतं! कृपा करून चोळू नका. फ्रॅक्चर असू शकतं, शिरेत रक्ताची गाठही असू शकते. दवाखान्यात स्पष्ट सांगा, ‘याला दुखणं कळत नाही, तरी एक्स-रे फोटो काढा.’ मणक्याची इजा छातीच्या मध्यापासून वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. बसतं करा, कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का बघा आणि तडक दवाखाना गाठा.

कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जातच असतं, मुतखड्याची भीती असते. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्यावं. हाडांची झीज रोखणारी औषधंही आहेत, ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. बिडी-सिगारेट सोडा, हे वेगळं सांगायला नको.

प्लास्टर घातलंच तर आत भरपूर कापूस हवा. बधिर कातडीला काचणं कळत नाही, आतल्या आत जखम होते. टाच आणि घोटा रोज नजरेखालून जाईल अशी सोय डॉक्टरांकडून आधीच करून घ्या. नमस्कार.