फौजदारी कोर्टात बसून नेमकं बघायचं काय?

नमस्कार. लॉ करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोर्टात जाऊन बसावं लागतं. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत तसा पेपरच आहे: एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघायचा, डायरी लिहायची, ३० गुण. बहुतेक जण सकाळी जातात, तीन-चार कोर्टरूममध्ये डोकावतात, सगळीकडे तारखाच पडताना बघतात आणि "आज काहीच झालं नाही" म्हणत परततात. मला वाईट वाटतं याचं. कारण फौजदारी कोर्टातली खरी बघण्यासारखी गोष्ट एका जागी बसल्याशिवाय दिसतच नाही. ती म्हणजे, साक्षीदार तोंडाने बोलतो ते कागदावर कसं उतरतं.

आधी आत जाण्याबद्दल. घाबरू नका, फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६६. जागा असेल तर कुणालाही बसता येतं. बलात्कारासारखे खटले मात्र इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतात, तिथे बाहेर थांबायला सांगितलं तर लगेच उठायचं. न्यायाधीशांना मान लवून आत जा, पुढच्या खुर्च्या वकिलांसाठी सोडा, मोबाइल बंद करा आणि वकिलांचा पांढरा गळपट्टा, म्हणजे बँड लावू नका, तो वकिलीची सनद मिळाल्यावर. बसण्याआधी सरकारी वकिलांना एक विनंती करा: "मी विद्यार्थी आहे, आज कुठल्या केसमध्ये साक्ष आहे?" या एका प्रश्नाने तुमचा दिवस वाचतो.

सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी पुकारली जाते. आरोपी हजर, आरोपी गैरहजर, वकिलांचा हजेरीमाफीचा अर्ज, वॉरंट, पुढची तारीख. हे भराभर होतं. एकदा ऐकून घ्या आणि साक्षीची वाट बघा.

आता साक्षीदार पिंजऱ्यात आला, शपथ झाली. सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात, मग बचावाचे वकील उलटतपास. इथे तुमचे कान दोन ठिकाणी हवेत: एक साक्षीदाराकडे, दुसरा न्यायाधीशांकडे. साक्ष साधारणपणे सलग निवेदनासारखी लिहायची, असं कायदा सांगतो. गरज वाटली तर न्यायाधीश एखादा भाग प्रश्नोत्तरांत घेऊ शकतात. म्हणजे वकील विचारतात, साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश स्टेनोला एक वाक्य सांगतात. रेकॉर्डवर जातं ते हे वाक्य.

समजा, रात्रीच्या मारहाणीची केस आहे. साक्षीदार म्हणाला, खांबावरचा दिवा चालू होता म्हणून मी आरोपीला ओळखलं. उलटतपासात वकील विचारतात, "दिवा चालू होता हे पोलिसांना सांगितलं होतं का?" "हो, सांगितलं होतं." "मग जबाबात का नाही?" साक्षीदार गप्प. सरकारी वकिलांकडे बघतो. पुन्हा विचारल्यावर म्हणतो, "आता ते मी कसं सांगू?" आणि न्यायाधीश सांगतात: "खांबावरील दिवा चालू असल्याचे मी पोलिसांना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का लिहिलेले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही."

साक्षीत सांगितलेली गोष्ट पोलिसांच्या जबाबात नसणं, याला कोर्टात ओमिशन म्हणतात. पोलिसांनी घेतलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो, त्यावर साक्षीदाराची सहीही घ्यायची नसते. तो वापरायचा मुख्यतः साक्षीदाराला खोडून काढायला. प्रत्येक ओमिशन विसंगती ठरत नाही, ती महत्त्वाच्या मुद्द्यावर असावी लागते. तहसीलदार सिंग खटल्याचा १९५९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यासाठीच वाचायचा असतो, आणि असा एक उलटतपास ऐकून मग वाचलात तर तो निकाल पाठ करावा लागत नाही.

त्या क्षणी आणखी एक गोष्ट घडली. साक्षीदार गप्प बसला होता. ती शांतता कागदावर आली का? नाही. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशांनी नोंदवावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१५ सांगतं. माझ्या मते अशी नोंद व्हायला हवी त्यापेक्षा फार कमी वेळा होते. आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी या माणसाला कधीच पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर असते ती टाइप केलेली साक्ष. एखाद्याची जन्मठेप टिकते की जाते, ते त्या पानांवरून ठरतं.

म्हणून डायरीत दोन रकाने करा. एकात साक्षीदार काय बोलला, दुसऱ्यात काय लिहिलं गेलं. "असे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे" हे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक उलटतपासाच्या शेवटी ऐकू येईल. साक्षीदार फक्त "नाही" म्हणालेला असतो.

पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारा माणूस, साक्षीला आला तर हमखास थांबा. "सही माझी आहे, मजकूर मला माहीत नाही," असं तो म्हणाला की सरकारी वकील त्याला फितूर ठरवायला परवानगी मागतात आणि आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतात. फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट वापरू शकतं.

आणि या सगळ्यात आरोपीकडे बघा. साक्ष त्याच्यासमोर व्हावी असा नियम आहे, पण तो बसतो कोर्टरूमच्या मागच्या टोकाला. त्याला ऐकू येतंय का? पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला एकेक मुद्दा सांगून विचारतात, "याबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?" जुन्या सवयीने सगळे याला ३१३चा जबाब म्हणतात. नव्या संहितेत ते कलम ३५१ आहे, पण १ जुलै २०२४च्या आधीपासून चालू असलेले खटले जुन्याच कायद्याने चालत असल्यामुळे दोन्ही आकडे कानावर पडतील. या जबाबाला शपथ नसते आणि उत्तर दिलं नाही म्हणून शिक्षाही होत नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तो पूर्ण खटल्यात बहुतेक वेळा एवढंच बोलतो. इथे घाई होताना दिसली तर तेही डायरीत लिहा.

डायरीत पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नका. लैंगिक गुन्ह्यांत अशी ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२.

उठण्याआधी केसचा सीएनआर नंबर, म्हणजे सोळा अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक टिपून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. दिव्याचं ते ओमिशन अजून सिद्ध झालेलं नाही. जबाब लिहिणारा तपास अधिकारी साक्षीला येईल, तेव्हा बचावाचे वकील त्याला विचारतील, "साक्षीदाराने दिव्याबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का?" त्या तारखेला तुम्ही तिथे असायला हवं.