कॅप्टनच्या खांद्यामागची लिफ्ट

श्रोतेहो, दूरचित्रवाणी मालिकांच्या नेपथ्यातील चुकांचा विषय निघाला की बहुतेकांना आठवतो तो एका शॉटमध्ये भरलेला आणि पुढच्या शॉटमध्ये रिकामा झालेला पेला. तशा चुका सगळ्याच कथांत होतात, स्क्रिप्ट सुपरवायझरची नजर हलली की होतात, आणि त्यांच्याविषयी फार काही बोलण्यासारखे नसते. मला बोलायचे आहे ते विज्ञानकथेच्या मालिकांमधील, थेट बांधकामातच मुरलेल्या विसंगतींविषयी. जहाजाचे अंतरंग त्याच्या बहिरंगात मावत नाही, खोलीचे दार भलत्याच दिशेला उघडते, या गोष्टी निष्काळजीपणाच्या मानल्या जातात. माझ्या मते मात्र त्यांतल्या पुष्कळशा विचारपूर्वक केलेल्या तडजोडी आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’चे आहे. कला दिग्दर्शक मॅट जेफरीज यांनी जहाजाचा नियंत्रणकक्ष गोलाकार आखला आणि त्याची वर्तुळाकार भिंत सुट्या भागांत बांधली, म्हणजे हवा तो भाग बाजूला सारून तिथे कॅमेरा उभा करता येई. बाहेरच्या मॉडेलवर हा कक्ष अगदी माथ्यावरच्या घुमटात आहे आणि घुमटाच्या बरोबर मागे, जहाजाच्या मध्यरेषेवर, एक उंचवटा आहे. तो लिफ्टच्या मार्गाचा असणार, असे कोणालाही वाटेल. पण आतल्या सेटवर लिफ्टचे दार कॅप्टनच्या पाठीमागे सरळ रेषेत नाही, ते डावीकडे सरकलेले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायच्या, तर सगळा कक्षच सुमारे ३६ अंशांनी फिरवून बसवला आहे असे म्हणावे लागते, आणि चाहत्यांपैकी काहींनी आपल्या नकाशांत तसे केलेही. मग पडद्यावर तारे समोरून येत आहेत आणि कॅप्टन मात्र प्रवासाच्या दिशेला तिरका बसला आहे, असे चमत्कारिक चित्र उभे राहते.

आता हीच गोष्ट कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहा. कॅप्टनचा चेहरा समोरून घेतला की त्याच्या बरोबर मागचे दार त्याच्याच डोक्याआड जाते आणि आत येणारे पात्र दिसेनासे होते. दार बाजूला सरकवले की येणारा माणूस कॅप्टनच्या खांद्यावरून दिसतो आणि एकाच चौकटीत दोन माणसांचा प्रसंग उभा राहतो. नाटकाच्या रंगमंचावर प्रवेशाचे दार कुठे ठेवायचे याचा विचार ज्याने केला असेल, त्याला ही जागा पटल्यावाचून राहणार नाही.

त्याच जहाजाचे सुमारे ११ फुटांचे मॉडेलही असेच एका बाजूचे होते. आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढलेल्या असल्यामुळे त्या बाजूवर बारीक काम केलेलेच नव्हते. म्हणून जहाज पडद्यावर बहुतेक वेळा उजव्या अंगानेच दिसते. त्या जहाजाला दुसरी बाजू होती ती केवळ प्रेक्षकाच्या मनात.

विज्ञानकथेत हा प्रश्न इतका टोकदार का होतो? घरगुती मालिकेतील स्वयंपाकघर थोडे चुकले, तरी खरे स्वयंपाकघर कसे असते हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तो ती उणीव स्वतःच भरून काढतो. अंतराळयानाच्या बाबतीत पडद्यावर जे दिसले तेवढाच पुरावा असतो, म्हणून पहिल्या भागातील चौकट पुढच्या सगळ्या भागांसाठी कायदा होऊन बसते. तो पुरावाही निखळ नसतो. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ मधील कालयानाचा नियंत्रण-मंच कृष्णधवल कॅमेऱ्यासमोर पांढरा दिसावा म्हणून फिकट हिरवा रंगवला होता. मग त्या मंचाचा खरा रंग कोणता? माझे उत्तर पांढरा असे आहे, कारण कृष्णधवल काळातल्या प्रेक्षकाने हिरवा कधी पाहिलाच नव्हता. पण याविषयी माझ्याशी भांडणारे पुष्कळ भेटतात.

‘लॉस्ट इन स्पेस’ मधील यानाच्या बशीसारख्या बाह्य आकारात दोन मजले उंचीलाच मावत नाहीत, तरी ते आत आहेत. ‘स्पेस: १९९९’ मध्ये दुसऱ्या पर्वात भव्य नियंत्रणकक्ष जाऊन त्या जागी लहानसा आला, आणि कथेने त्याचे कारण सांगण्याची तसदीही घेतली नाही, ही मात्र मला सरळसरळ हलगर्जी वाटते. याहून सूक्ष्म गोष्ट कॉरिडॉरची आहे. बशीच्या आकाराच्या जहाजात बाहेरच्या कडेजवळचा कॉरिडॉर मंद वळणाचा आणि मध्याजवळचा चांगलाच गोल असायला हवा. पण सेटवर बांधलेला वाकडा तुकडा एकच असतो आणि पाट्या बदलून तोच प्रत्येक मजल्यावर वापरला जातो. त्याची वक्रता पाट्यांबरोबर बदलत नाही. तरीही वळण हवेच, कारण ते नसेल तर कॉरिडॉर जिथे संपतो तिथली स्टुडिओची भिंत दिसेल.

काळ लोटला की हिशेब उलटा होतो. १९९२ साली ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेत जुना नियंत्रणकक्ष पुन्हा दाखवायची वेळ आली, तेव्हा त्याचा एक भागच बांधला गेला आणि रिकाम्या कक्षाच्या दृश्यासाठी जुन्या भागातील चित्रफीत वापरली गेली. १९९६ साली तर नव्या पात्रांना १९६७ च्या एका भागातल्या चित्रफितीत मिसळायचे होते, त्यामुळे नव्याने बांधलेला सेट जुन्याशी तंतोतंत जुळणे भाग होते. तोपर्यंत घुमटामागच्या उंचवट्याचा वाद सर्वांना माहीत झालेला होता आणि दार मध्यरेषेवर आणून तो मिटवता आला असता. पण जुन्या चित्रफितीत ते जिथे होते, तिथेच नव्या सुतारांना ते बसवावे लागले: कॅप्टनच्या मागे, जरासे डावीकडे.