जिभेवर उतरतो तो रंग

मंडळी, फळांच्या स्वादाच्या गोड गोळीचा रंग ठरवताना फळाच्या सालीकडे पाहू नका. फळ खाल्ल्यावर बोटं आणि जीभ कशी रंगते, ते पाहा. करवंद बाहेरून काळं असतं, पण काळी गोळी करवंदाची म्हणून कोण तोंडात टाकेल? चावल्यावर निघणारा गडद तांबडा रस, तोच त्याचा रंग. जांभळाची जिभेवर चढणारी निळसर छटाही तशीच. अपवाद कैरीचा. तिचा गर पांढरट, पण पांढरी गोळी लिंबाची वाटते. म्हणून तिथे सालीचा फिकट हिरवाच घ्यावा. चव ओळखण्यात डोळा जिभेच्या पुढे धावतो. कोकमाचा स्वाद पिवळ्या गोळीत घातलात, तर बरेच जण लिंबाचं नाव घेतील.

आता कडक गोळीचं माप. किलोभर मालाला 650 ग्रॅम साखर, 400 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि 200 मिली पाणी. पाक 148 ते 150 अंश सेल्सिअसला उतरवा आणि 130 च्या आसपास आला की रंग, स्वाद आणि सायट्रिक आम्ल घाला. आम्ल आंब्याला 5 ग्रॅम, कोकमाला 10 ते 12. ते पाक उकळतानाच घातलं, तर साखरेचं विघटन होऊन गोळी हवेतलं पाणी ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती दोन दिवसांत चिकटते, मग तिच्यात साखरेचे कण धरतात आणि स्वच्छ लाल रंग पांढुरका दिसू लागतो. दोष रंगाला देतात, पण चूक पाकात असते.

रंग चिमटीने कधीच घालू नका. परवानगी असलेले कृत्रिम रंग, सगळे मिळून, किलोला 100 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. घरच्या काट्यावर एवढं वजन होत नाही. म्हणून 5 ग्रॅम रंग पाण्यात विरघळवून द्रावण 100 मिली करा. त्याच्या 1 मिलीत 50 मिलिग्रॅम रंग असतो, म्हणजे किलोला जास्तीत जास्त 2 मिली. बहुतेक वेळा निम्म्यातच काम होतं. आंब्याला टारट्राझीन हा पिवळा आणि थोडा सनसेट यलो हा नारिंगी. कोकमाला कार्मोइसीन हा लाल, त्यात ब्रिलियंट ब्लू या निळ्याचा एखादा थेंब. जांभळाला तोच निळा वाढवायचा. पाक जास्त वेळ तापत राहिला की स्वतःच पिवळा पडतो. आंब्याला ते खपतं, जांभळाची गोळी मात्र मातकट होते. पाक खेचून गोळी करणार असाल, तर आत हवा शिरून रंग फिकट दिसतो, हेही धरून चाला. रंगाची परीक्षा पातेल्यात करू नका, तिथे तो नेहमी गडद भासतो. पांढऱ्या बशीत गोळीच्या जाडीचा थेंब टाकून पाहा.

खऱ्या कोकमाचा रंग हवा, तर कडक गोळीचा नाद सोडा. तो रंग अँथोसायनिन या फळातल्या नैसर्गिक रंगद्रव्याचा. इतक्या उष्णतेत तो टिकत नाही. शिवाय आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असतं. त्याऐवजी पेक्टिनची, म्हणजे फळांतून मिळणाऱ्या घट्ट करणाऱ्या पदार्थाची, मऊ जेली करा. पाक 105 ते 107 अंशांना आला की गॅस बंद करून बिनमिठाचा दाट कोकमरस सर्वात शेवटी घाला आणि लगेच साच्यात ओता. आम्ल मिळताच पेक्टिन धरू लागतं. उशीर झाला तर गुठळ्या होतात. मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) 3.2 ते 3.5 च्या दरम्यान ठेवा, पीएच पट्टीने तपासा. त्याच्या बराच वर गेलात तर लाल उतरत जातो. भांडं स्टीलचंच घ्या, लोखंडाच्या कढईत हा रंग काळपटतो. हळदीचा पिवळा आम्लात टिकतो, पण उन्हात उडतो. म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेत हळदीच्या रंगाची आंबा-जेली मांडू नका, बंद डब्यात ठेवा.