‘कोणाकडून ऐकलंस?’

पानावरून सरकणारं हे बोट बघा. प्रेषित मुहंमदांचं मूळ वचन अजून लांब आहे, आत्ता ते नुसतं नावांवरून फिरतंय. बुखारींना सांगितलं हुमैदींनी. त्यांना सुफियाननी, सुफियानना याह्या बिन सईदनी, याह्यांना मुहंमद बिन इब्राहीमनी, त्यांना अल्कमांनी. अल्कमांनी ऐकलं हजरत उमरकडून आणि उमरनी खुद्द प्रेषितांकडून. एवढी नावं संपली की मग ते वाक्य येतं: कर्माचं मोल हेतूवर ठरतं.

इमाम बुखारींच्या ‘सहीह’ या संग्रहातली ही पहिली हदीस, म्हणजे प्रेषितांविषयीची परंपरेने आलेली नोंद, नवव्या शतकात संकलित झालेली. नावांची साखळी म्हणजे इस्नाद, वचन म्हणजे मत्न. परीक्षा आधी साखळीची. प्रत्येक रावी, म्हणजे वचन पुढे सांगणारा, सचोटीचा होता का? त्याचं पाठांतर पक्कं होतं का? ज्याचं नाव तो घेतो, त्याला तो भेटला होता का? बुखारी भेटीचा पुरावा मागत; त्यांचे शिष्य इमाम मुस्लिम यांना दोघं एका काळातले आणि भेट शक्य असली तरी चाले. शिवाय वचन अधिक भरवशाच्या रावींच्या विरोधात जाता कामा नये.

सगळं जुळलं तर सहीह, म्हणजे अस्सल. पाठांतर थोडं उणं, तर हसन. कडी तुटली किंवा रावी कच्चा निघाला, तर जईफ. रचलेलीच असेल, तर मौजू.

डोकी मोजून मात्र भागत नाही. आपण वाचलेल्या साखळीत उमरपासून याह्यांपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच माणूस आहे, तरीही ती सहीह!

नातंही आड येत नसे. बसऱ्याचे रावींचे पारखी अली बिन मदीनी यांना त्यांच्या रावी वडिलांबद्दल विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोक हटेनात, तेव्हा मान खाली घालून म्हणाले: हा धर्माचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत.

जईफ हदिशीवर हलाल-हराम ठरवू नये, असं बहुतेक विद्वान सांगत राहिले; प्रवचनांतून त्या फिरतच राहिल्या.

आता हे जुनं कैरो. आठव्या शतकात इथे इब्न लहीआ काझी होते. त्यांची पुस्तकं जळाली, असं सांगतात. पुढे पंधराव्या शतकात, याच शहरात, हदीसचे विद्वान इब्न हजर यांनी रावींना बारा दर्जे लावले आणि एकेकाला जेमतेम दोन-तीन ओळी दिल्या. इब्न लहीआंची नोंद वाचू: सदूक, म्हणजे खरं बोलणारे. पुस्तकं जळाल्यावर गोंधळ होऊ लागला. इब्न मुबारक आणि इब्न वहब यांनी त्यांच्याकडून ऐकलेलं इतरांपेक्षा बरं.